आत्या रोज पहिल्या तळघरात

माझ्यासारखा गुप्तहेर शंभर वर्षांत एखादाच जन्मतो, आणि लोकांच्या सहनशक्तीचा विचार करता ते बरंच आहे. माझी नजर घारीची, कान सशाचे आणि नाक (हे बायकोचं मत) नको तिथे खुपसलेलं. दिवसा मी बस आगारात हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसतो. गेल्या एकोणीस वर्षांत मी तिथे दोन हजारांवर छत्र्यांचा छडा लावला. म्हणजे लोकांनी त्या आणून दिल्या आणि मी वहीत लिहून घेतल्या. पण श्रेय शेवटी खात्याला जातं, आणि खात्यात मी एकटाच आहे.

बायको माझी सहायक. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. या नेमणुकीबद्दल मी तिला अजून सांगितलेलं नाही.

हे प्रकरण आलं आत्याकडून. आत्या दोन गल्ल्या सोडून एकटी राहते. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, आणि निम्म्या शहराचे नंबर तिला तोंडपाठ होते. पंधरा दिवसांपूर्वी मी तिला हातात मावणारं एक यंत्र भेट दिलं. जुन्या काळी टीव्हीला जोडून खेळायचे ते व्हिडिओ गेम त्यात जसेच्या तसे चालतात. दुकानदार त्याला इम्युलेटर म्हणाला. मी 'अर्थात' म्हणालो.

भेटीला कारण होतं. आत्याचे यजमान, म्हणजे काका, होते तेव्हा ती दोघं मिळून एकच खेळ खेळायची. एक शिलेदार, एक किल्ला आणि किल्ल्याखाली सात तळघरं. त्यांच्या कॅसेटमधला सेल संपलेला, त्यामुळे यंत्र बंद केलं की खेळ सगळं विसरायचा. म्हणून काका ते बंदच करत नसत. वर फडकं टाकून 'हात लावू नये' अशी चिठ्ठी लावून ठेवत. सहाव्या तळघरापर्यंत पोचले, आणि झाडू मारताना आत्याच्या हातून प्लग निघाला. काका दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "परत खेळू." ते राहूनच गेलं. सातव्या तळघरात काय आहे ते एकदा बघायचं, एवढंच आत्याच्या मनात होतं.

आणि एके दिवशी तिचा फोन आला.

"अरे, माझा खेळ कोणीतरी मागे नेतंय."

"म्हणजे?"

"रोज संध्याकाळी शिलेदाराला खेळातल्या सराईत नेऊन झोपवते. तो झोपला की खेळ सेव्ह होतो, तसं खाली लिहूनही येतं. सकाळी बघावं तर पुन्हा पहिल्या तळघराच्या दारात उभा! आज आठवडा झाला."

मी टोपी चढवली. ऊन नव्हतं, पण तपासाला टोपी लागते.

पहिला संशयित हाताशीच होता. आत्याच्या कपाटाची बिजागरं बसवायला एक सुतार तीन दिवस येत होता. मी त्याला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं.

"काल रात्री तुम्ही कुठे होता?"

"घरी. तुम्ही?"

या प्रतिप्रश्नाची माझी तयारी नव्हती. मीही घरीच असल्याचं सांगून टाकलं. मग अचानक बाँब टाकला, "तळघराबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?"

"बांधायचंय का? मग गवंडी बघा. मी फक्त लाकूडकाम करतो."

इतकं सरळ उत्तर फक्त निरपराध माणूस देतो, किंवा मुरलेला गुन्हेगार. मी दोन्ही शक्यता वहीत लिहिल्या. तेवढ्यात त्याने माझ्या टोपीवरचा भुसा झटकला, त्यामुळे प्रकरण तिथेच मिटलं.

दुसरा सिद्धान्त शास्त्रीय होता. बॅटरी जशी उतरते तशी प्रगतीही रात्रभर उतरत असणार. उपाय म्हणून मी यंत्र रात्री चार्जिंगला लावून उलटं ठेवायला सांगितलं. सकाळी यंत्र शंभर टक्के भरलेलं आणि शिलेदार पहिल्या तळघरात.

मग मी ब्रह्मास्त्र काढलं. यंत्र बिस्किटांच्या डब्यात ठेवलं, डब्याला दोरा गुंडाळला, गाठीवर मेण ओतलं आणि भोवती टाल्कम पावडर शिंपडली. दुसऱ्या दिवशी मेण शाबूत, दोरा शाबूत, पावडरीवर ठसा फक्त माझ्या कोपराचा. आत्याने डबा उघडला, यंत्र चालू केलं, बटण दाबलं. पहिलं तळघर. बंद तिजोरीतून माल गायब! अशा प्रकरणासाठी गुप्तहेर जन्मभर झुरतात. मला मात्र घाम फुटला.

घाम फुटला की माणूस वाट्टेल ते बोलतो. मी बोललो.

"आत्या, तू काल खरंच पाचव्या तळघरात पोचली होतीस ना? की... तसं वाटलं?"

आत्याने यंत्र मांडीवर पालथं ठेवलं.

"दोन दिवस मीही तोच विचार करतेय," ती म्हणाली. "तसं मला लख्ख आठवतंय. पाचव्यात पाण्याचा हौद आहे, तो डावीकडून ओलांडायचा. पण मेण तुझं, दोरा तुझा. मग चुकतंय ते माझंच डोकं ना?" ती उठली आणि खुंटीवरची किल्ली काढून तिने माझ्या हातात ठेवली. "लेक केव्हाची म्हणतेय, तिच्याकडे राहायला ये. जाते रविवारी. कालचं आज आठवेना झालं तर माणसाने एकटं राहू नये. दुसरी माझ्याकडे आहे, ती जाताना देईन."

ती किल्ली घेऊन मी घरी आलो. मला जेवण गेलं नाही. हे मी विनोदाने सांगत नाही.

बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "आत्या सकाळी नेमकं काय काय करतात?"

"यंत्र चालू करते."

"आणि?"

"खेळते."

"म्हणजे तुम्ही विचारलंच नाहीये," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. दुपारी ती माझ्याबरोबर आली. आत्याची बॅग अर्धी भरून पलंगावर होती. बायको बोलायला बसली, आणि मी यंत्राची कापडी पिशवी तपासायला घेतली. आत एक चिठ्ठी! तपासाच्या आठव्या दिवशी पहिला ठोस पुरावा. मी भिंग काढलं.

"अक्षर घाईचं," मी मोठ्याने अनुमान काढू लागलो. "लिहिणारा पुरुष. उतावळा. माहिती अर्धवट, पण थाट प्राध्यापकाचा. 'लक्षात ठेवणे'खाली तीन रेघा मारल्यात, म्हणजे स्वतःवर बेहद्द खूष. असा माणूस घातकी असतो."

बायकोने हात पुढे केला. मी चिठ्ठी दिली.

"अक्षर तुमचं आहे," ती म्हणाली.

"शक्य नाही. हे वाचतासुद्धा येत नाही."

"अहो, बावीस वर्षं डॉक्टरांची अक्षरं वाचतेय मी. तुमचं काय अवघड?" तिने वाचून दाखवलं, "'खेळ सुरू होताच मागचं उजवं बटण दाबणे. लक्षात ठेवणे.'" मग ती आत्याकडे वळली आणि गिऱ्हाइकाला गोळ्यांबद्दल विचारावं तसं विचारलं, "आत्या, हे कधी घेता? म्हणजे दाबता?"

"रोज सकाळी. आधी बटण, मग खेळ. एकही दिवस चुकवलं नाही."

"आणि मागचं डावं बटण?"

"त्याचं काही लिहिलेलं नाही."

बायकोने माझ्याकडे बघितलं. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावरही ती अशीच बघत होती, पण तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

मग मला आठवलं, आणि मी बायकोला ते सांगून टाकलं. पहिल्या दिवशी ऐट मारायला मी पहिल्या तळघराच्या दारात डावं बटण दाबून म्हणालो होतो, "हे बघ, यंत्राने या क्षणाचा फोटो काढला. उजवं दाबलं की पुन्हा इथेच." सराईतलं सेव्ह खेळाचं स्वतःचं आणि फोटो यंत्राचा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे दुकानदार सांगत होता तेव्हा मी 'अर्थात' म्हणत होतो. मला ते एकच वाटलं. त्यामुळे आत्या रोज संध्याकाळी इमानेइतबारे खेळ सेव्ह करत होती आणि रोज सकाळी माझ्या हुकमावरून पंधरा दिवसांपूर्वीच्या फोटोत परत जात होती.

"आजचं बटण दाबलंत?" बायकोने विचारलं.

"आज यंत्राला हातच लावला नाही. कशाला उगाच."

"मग चालू करा. मागे हात नेऊ नका. खेळात 'पुढे चालू' दिसेल, ते निवडा."

आत्याने चालू केलं. पडदा काळा झाला, मग हळूहळू सराई दिसू लागली. शिलेदार बिछान्यातून उठला, दारातून बाहेर पडला, आणि समोर पाण्याचा हौद. पाचवं तळघर.

"होते," आत्या म्हणाली. "मी इथेच होते." आणि तिला रडू आलं. मलाही आलं. मी भिंग डोळ्यांपुढे धरलं, पण त्याने डोळे दुप्पट मोठे दिसतात, असं नंतर कळलं.

मी म्हणालो, "आत्या, चूक माझी. पहिल्यापासून माझी. तुझं काही चुकलं नाही."

"मला कळलं ते," तिने पदराने डोळे पुसले. "तीन रेघा मारल्यास तू. मी म्हटलं, पोराने एवढं बजावलंय तर पाळलं पाहिजे."

शिलेदाराने हौद डावीकडून ओलांडला. सहाव्या तळघराच्या पायऱ्या दिसल्यावर आत्याने त्याला मागे सराईत नेऊन झोपवलं. 'सेव्ह झाले' अशी ओळ आली. तिने मान वर करून विचारलं, "आता आणखी काही दाबू?"

मी तोंड उघडलं. दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं.

आत्याने बॅगेतल्या साड्या परत कपाटात ठेवल्या. बिजागरं आता छान चालत होती. मग तिने फोन उचलला, लेकीचा नंबर न बघता फिरवला आणि सांगितलं, "उद्या येत नाहीये गं. सहावं तळघर आहे उद्या. हो, हो, बरी आहे मी."

फोन ठेवून तिने माझ्यापुढे हात पसरला. "माझ्या घराची किल्ली दे."

मी शर्टाचा खिसा बघितला. पँटचे खिसे बघितले. पाकीट, टोपी, टोपीचं अस्तर, तपासाची वही. किल्ली नव्हती. एकोणीस वर्षं हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसलेला माणूस आत्याच्या खोलीत स्वतःच्या अंगाची झडती घेत उभा होता.

"तुझ्या चष्म्याच्या डबीत," आत्या यंत्रावरून नजर न काढता म्हणाली. "काल दिली तेव्हा तिथेच ठेवलीस. फडक्याखाली."

मी डबी उघडली. फडकं उचललं. किल्ली तिथेच होती.