साडेतीस पक्षी

किनाऱ्यालगतच्या तळ्यावरील पक्ष्यांची वार्षिक मोजणी यंदा कार्यालयातील टंकलेखिकेकडे आली, कारण साहेब सोडून बाकी सगळे आजारी रजेवर होते. सुट्टीच्या दिवशी ती कॅमेरावाल्या सासऱ्यांना घेऊन सकाळीच तळ्यावर पोचली. सासऱ्यांनी आयुष्यभर पासपोर्टचे फोटो काढलेले. न सांगता स्तब्ध उभी राहणारी गिऱ्हाइकं त्यांना प्रथमच मिळाली. बगळे, शेकाटे, पाणकावळे, बदकं मिळून दोनशे बारा पक्षी भरले. दोघंही खुशीत परतली.

मोजणी अधिकाऱ्यांनी फोटो भिंगाखाली धरले.

"डोकी मोजलीत?"

"हो, साहेब."

"यातल्या चाळीस जणांनी मान पंखात खुपसली आहे. डोकं असल्याचा पुरावा काय? यंदाच्या परिपत्रकानुसार पाय मोजायचे आणि दोनाने भागायचं."

"अहो, पण बगळा एका पायावर उभा राहतो. बदकांचे पाय पाण्यात असतात."

"तो त्यांचा खासगी प्रश्न आहे."

पाय भरले एकसष्ट. म्हणजे पक्षी साडेतीस. अर्धा पक्षी कोणत्याच नियमात बसेना, म्हणून फेरमोजणीचा आदेश निघाला: 'पक्ष्यांना दोन्ही पाय दिसतील असे उभे राहण्याच्या सूचना द्याव्यात.'

"सूनबाई, माणसांना मी 'हसू नका' म्हणायचो, ती ऐकायची," तळ्याकाठी सासरे म्हणाले. "यांना काय सांगू?"

तिने वैतागून टाळी वाजवली. अख्खा थवा एकदम उठला. आभाळ पंखांनी भरून गेलं. ती मान वर करून बघतच राहिली आणि सासऱ्यांनी जन्मातला सर्वांत देखणा फोटो काढला.

"वा! अप्रतिम!" साहेब म्हणाले. त्यांनी फोटो केबिनमध्ये टांगायला दिला आणि भिंग खाली ठेवलं. "पाय मात्र एकही दिसत नाही. लिहा, शून्य."

"साहेब, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत हो!"

"डोळ्यांसाठी रकाना नाही, बाई."

अहवाल टाइप करायचं काम अर्थात तिचंच. बराच वेळ तिचं बोट यंत्रावर अडून राहिलं. मग साहेबांनी केबिनमधून हाक मारली आणि तिने शून्य दाबलं. त्या रात्री सासऱ्यांनी कॅमेरा पेटीत बंद करून ठेवला.

पक्षीविरहित ठरलेलं तळं महिन्याभरात बुजवलं गेलं. तिथे आता प्रशस्त वाहनतळ आहे. सुट्टीच्या दिवशी पक्षी बघायला यावं तर गाडी लावायला जागा मिळत नाही, असा तक्रार अर्ज कार्यालयात केव्हाचा पडून होताच, तो अखेर निकाली निघाला.

अर्जाखाली सही तुमची आहे.