बेटावरचं बरं बरं

पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीत हेडक्लार्कनी अठ्ठावीस वर्षं काढली, ती फक्त दोन शब्दांवर. समोर कुणी नळ कोरडा म्हणून ओरडू दे, कुणी गढूळ पाण्याची बाटली नाकापुढे नाचवू दे, हेडक्लार्क कागदावरची नजर न काढता म्हणायचे, "बरं बरं." त्यात होकार नव्हता, नकार नव्हता, आणि ऐकल्याचा पुरावा तर मुळीच नव्हता. पण समोरच्याला वाटायचं की काम झालं, आणि तो निघून जायचा. हळूहळू हे दोन शब्द घरीही आले. घरी तक्रार करायला बायको एकटीच होती.

रजेतल्या एका सकाळी दोघं होडीतून बेट बघायला निघाली. चार वाजता परत फिरायचं होतं.

"अहो, ताईला आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय," बायको म्हणाली. "तिची पुढची खोली रिकामी झालीय. आम्ही दोघींनी शिवणवर्ग काढायचा ना? नाहीतर ती खोली दुसऱ्या कुणाला देऊन टाकेल."

"बरं बरं."

"म्हणजे हो की नाही? तीन महिने विचारतेय मी."

"अगं, तो मासा बघ कसला उडाला!"

बायकोने माशाकडे पाहिलं नाही. मागे एकदा तिने न विचारता गच्चीवर कुंड्या आणल्या होत्या, तेव्हा 'मला कुणी विचारलंच नाही' म्हणून हे महिनाभर तोंड फुगवून बसले होते. त्यामुळे या खेपेला तोंडून स्वच्छ 'हो' ऐकायचं, असा तिने पण केला होता.

बेटावर उतरल्यावर नावाडी नारळाखाली आडवा झाला आणि दोघं वस्तीकडे चालू लागली. सगळा गाव नटूनथटून चौकाकडे निघाला होता. तिकडून ढोल ऐकू येत होता. वाटेत एक आजी काखेत कोंबडी घेऊन उभ्या होत्या. त्या हेडक्लार्कना थांबवून बराच वेळ काहीतरी सांगत राहिल्या. एक अक्षर कळण्याची सोय नव्हती.

"बरं बरं," हेडक्लार्क सवयीने म्हणाले.

आजींचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी कोंबडी हेडक्लार्कच्या हातात दिली आणि त्या ढोलाच्या दिशेने चालत्या झाल्या.

"भेट दिली वाटतं," हेडक्लार्क म्हणाले. "माणसं फार प्रेमळ दिसतात."

तेवढ्यात एक आडदांड माणूस शेळी घेऊन आला आणि बोलू लागला. त्याला कटवायला हेडक्लार्क घाईघाईने "बरं बरं, बरं बरं" म्हणाले, तर त्याने शेळी दिलीच, वर घरी जाऊन तिची दोन करडंही आणून दिली. बातमी पसरायला वेळ लागला नाही. पाव तासात एक डुकरीण आली, आणखी दोन कोंबड्या आल्या. शेवटी एक गृहस्थ टोपलीएवढं कासव घेऊन आले आणि त्याचा दोर त्यांनी हेडक्लार्कच्या पायाला बांधला. कासव कुठे पळून जाणार होतं, हे त्यांनाच ठाऊक.

बायको जाऊन नावाड्याला उठवून घेऊन आली. तो हसता हसता खालीच बसला.

"साहेब, इथल्या बोलीत 'बरंबरं' म्हणजे 'ठेवा, मी सांभाळतो'! गावाला नाच बघायचाय आणि जनावरं कुणाकडे सोपवायची हा प्रश्न होता. आता मालक येईपर्यंत हलायचं नाही."

"आणि हललो तर?"

"आजवर कुणी हललं नाही. त्यामुळे सांगता येत नाही."

नावाडी परत झोपायला गेला. हेडक्लार्क दगडावर बसले. मांडीवर कोंबडी होती आणि पायात कासव. बायकोला नाच बघायला जाता आलं असतं, पण ती शेजारी येऊन बसली.

"आता बोलू?"

हेडक्लार्कनी सवयीने तोंड उघडलं. कुंपणापलीकडे एक माणूस म्हैस धरून मोठ्या आशेने बघत होता. त्यांनी तोंड मिटलं.

मग बायको बोलत गेली. खोलीला दोन खिडक्या आहेत, उजेड चांगला येतो. अकरा बायका आत्ताच तयार आहेत. मशीनला तेलपाणी झालंय. पाटीसुद्धा रंगवून झालीय, फक्त टांगायची आहे.

"पाटी? मला सांगितलं नाहीस!"

"सांगितलं की. तुम्ही म्हणालात, बरं..." तिने चटकन जीभ चावली. दोघांनी एकदमच म्हशीकडे पाहिलं.

हेडक्लार्कना मनापासून लाज वाटली. खिडकीवरची माणसं निदान आपापल्या घरी निघून जात. हिला जायला दुसरं घर नव्हतं.

"काढ वर्ग," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे हो. पाटी मी टांगतो."

बायकोने तिथूनच ताईला फोन लावला. "हो म्हणाले गं! ... नाही, नाही, शुद्धीवर आहेत." आणि पदराने डोळे पुसले.

पावणेचारला मालक परतले. आजींनी कोंबडी उलटसुलट करून तपासली आणि मग हातवारे करत पुष्कळ बोलल्या. हेडक्लार्क ओठ घट्ट मिटून, त्यांच्या तोंडाकडे बघत शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"आजी म्हणतात," परतीसाठी बोलवायला आलेल्या नावाड्याने सांगितलं, "इतकं कान देऊन ऐकणारा पुरुष जन्मात पाहिला नाही. बाई नशीबवान आहेत."

हे ऐकून हेडक्लार्क जे फुलले ते होडीत बसल्यावरही फुललेलेच होते. शिवणवर्ग आता त्यांचाच झाला होता.

"हे बघ, पहिल्या दिवसापासून हजेरीपट ठेवायचा. दोन प्रतींत. मशीन खिडकीला काटकोनात लावायची. आणि दाराशी एक तक्रारवही हवीच. त्यात रकाने कसे आखायचे ते मी सांगतो. पहिला रकाना अनुक्रमांकाचा..."

बायको पाण्यावरच्या उन्हाकडे बघत होती.

"बरं बरं," ती म्हणाली.

हेडक्लार्कना फार समाधान वाटलं, आणि ते दुसऱ्या रकान्याकडे वळले.