वीराची खुर्ची

सन १९५८ पर्यंत सावलीजवळच्या आमच्या ग्रामपंचायतीत समता पूर्णपणे अमलात आली होती. सुकलू गोंड पंच म्हणून रीतसर निवडून आला होता. फक्त बैठकीत तो दाराशी खाली बसे, कारण सरपंच गुणवंतराव हे माजी मालगुजार, म्हणजे गावाचे जमीनदार. मालगुजारी कायद्याने गेली, पण मालगुजारासमोर खुर्चीवर बसायची गोंडांना सवय नाही, हे त्यांचं म्हणणं. सवय लागावी म्हणून सुकलू दर बैठकीत खुर्ची मागे आणि दर बैठकीत विषय पुढे ढकलला जाई.

अशात वरून हुकूम आला: दुर्लक्षित समाजातल्या थोर पुरुषांचा जनतेस परिचय करून द्यावा, तसबीर लावावी. जवळच्या जंगलात इंग्रजांशी लढून मेलेला पोचू गोंड एकमताने थोर ठरला. त्याला कोणी पाहिलं नव्हतं. चांद्याहून आलेल्या चिताऱ्याला समोर गोंड माणूस हवा होता, तोही खुर्चीवर. वीर जमिनीवर बसलेला शोभत नाही. सुकलूला पागोटं बांधून बसवण्यात आलं. घरी त्याने बायकोला, सोनीबाईला, खुर्ची मिळाल्याचं सांगितलं.

"उठाले कवा सांगतेत?" तिने विचारलं.

तसबीर हुबेहूब उतरली, आणि तिथेच घात झाला. हिला हार घालायचा म्हणजे सुकलूच्याच पाया पडायचं की काय? पंचायतीने साधकबाधक विचार करून ठराव केला, की वीराशी विनापरवाना साम्य राखणाऱ्या सुकलूने तत्काळ दाढी वाढवावी. बिचाऱ्याने उगवेल तेवढी वाढवली.

समारंभाला मातीच्या भिंतीत खिळा टिकेना, म्हणून तसबीर त्याच खुर्चीवर ठेवली. गुणवंतराव गहिवरले. आज पोचू असता तर मांडीला मांडी लावून बसवला असता, म्हणाले. टाळ्या थांबल्यावर सुकलू दाराशी उभा राहिला.

"भाऊ, मीबी पंच हाओ. माही खुर्ची?"

"दिसत नाई काय?" गुणवंतरावांनी तसबिरीकडे बोट दाखवलं. " तूच तर बसून हायेस तिथी."

सुकलूने तसबिरीकडे पाहिलं. "थो मेला म्हून बसला, भाऊ. मी जितेपणी बसाचं म्हणून राह्यलो."

सभेत हशा पिकला. अहवालात 'आदिवासी पंचास खुर्ची देण्यात आली' अशी नोंद गेली आणि वरून शाबासकी आली. सुकलू दाराशीच बसतो, दाढी खाजवत.

वाचून तुम्हीही हळहळला असाल. बरं झालं. हळहळायला खुर्चीवरून उठावं लागत नाही.