बोगदा आणि बटण

दसऱ्याच्या सकाळी अकरा वाजता, उल्हासनगरच्या ऑफिसात बसून, महिपतीने एक ओळ टाइप केली, एंटर मारला आणि अंबरनाथच्या कारखान्यातला कॉम्प्युटर जगापासून तोडून टाकला.

पाठीमागे मुकेशशेठ आणि त्याचे पाच व्यापारी दोस्त मिठाई खात उभे होते.

"क्या हुआ? दिखता क्यों नहीं?"

"दोन मिनिटं, शेठ."

दोन मिनिटांत होण्यासारखं ते नव्हतं. कारखान्यातला मुख्य कॉम्प्युटर बीएसडी नावाच्या जुन्या प्रणालीवर चालायचा. बसवणारा इंजिनीअर अमेरिकेला पळाला आणि 'चलता है तो हाथ मत लगा' म्हणून शेठने कॉम्प्युटर तसाच ठेवला. शेठला रंगाच्या मालाचा साठा उल्हासनगरात बसून बघायचा होता, वाटेत कोणी डोकावू नये अशा बेताने. त्यासाठी फुकटचं सॉफ्टवेअर होतं, इंटरनेटच्या पोटातून खाजगी बोगदा खणणारं. पण ते लिनक्स या दुसऱ्या प्रणालीपुरतं. ते बीएसडीवर चालतं करायला महिपतीने मांजर्लीच्या भाड्याच्या खोलीत आठ महिने घातले. क्लास नाही, गुरू नाही, रद्दीतली पुस्तकं. लिनक्स डेटाचं पाकीट आलं की मुकाट उचलतं. बीएसडी आधी पाकिटाच्या कपाळावर चार बाइटांत त्याचं घराणं लिहून मागते. महिपती महिनाभर तिथेच अडकला होता. घराणं विचारल्याशिवाय उंबरा ओलांडू न देणारी माणसं त्याला पाठ होती. आता यंत्रही तसलंच निघालं.

सहा वर्षं तो कंत्राटावर होता. "दशहरे को चालू करके दिखा, पक्का करता हूं," असा शेठने शब्द दिला होता. म्हणून आज त्याने आईला, गयाबाईला, एकटीलाच विहारात पाठवलं. धम्मचक्र दिनाला पोरगा शेठच्या मुहूर्ताला जुंपलेला, म्हणून ती पांढऱ्या साडीत धुसफुसत गेली.

आणि ऐनवेळी हाताची सवय नडली. त्याने डेटाचे जुने रस्ते पुसायचा हुकूम दिला. लिनक्सवर तो नुसता जुना कचरा झाडायचा. बीएसडीने सगळेच रस्ते पुसले, महिपती ज्याने आत शिरला होता तोही. उपाय सोपा होता. तिकडे कोणीतरी कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा, की रस्ते परत येणार आणि बोगदा आपोआप उघडणार.

त्याने कारखान्यात फोन लावला. पूजा आटोपून सगळे घरी गेले होते. उरला होता रोजंदारीवरचा वॉचमन, सोनिवलीचा कोंडाजी.

"मामा, ऑफिसातला काळा डबा बंद करून परत चालू करा."

"आज? आज नाय. पूजलेल्या हत्याराला आज हात लावाचा नाय."

"अहो, ते हत्यार नाही, कॉम्प्युटर आहे!"

"मंग झेंडू कशाला घातला त्याला? नारळ बी फोडलाय."

"कुठं फोडला?"

"त्याच्याच डोक्याव. शेठ बोल्ले, परत्येक मशीनीला नारळ."

शेठने फोन हिसकावला. "कोंडाजी, मैं बोलता हूं, बटन दबा!"

"शेठ, तुमीच बोल्लात, आज जो मशीन चालवील त्याला घरी बसवीन."

दोस्तांतला एक फिस्सकन हसला. शेठचे कान लाल झाले. "अब मैं ही बोलता हूं ना, दबा!"

पण देवाला उठवायचं तर रीतीने उठवायला हवं. कोंडाजीने उदबत्ती लावली, अक्षता टाकल्या, मोठ्याने माफी मागितली. फोनवर सगळं ऐकू येत होतं. इकडे मिठाई संपली.

"मामा, आता तरी दाबा!" महिपतीने फोन परत घेतला.

"कोनचा? हितं तीन काळे डबे हायत."

"नाव चिकटवलंय बघा."

"नावाव हळदकुंकू हाय. एक दाबून बघतो."

फोन मेला. कोंडाजीने टेलिफोनचाच डबा बंद केला होता.

दोस्त घड्याळं बघू लागले. "पक्का होना है तेरे को?" शेठ दात आवळून म्हणाला. "तेरे को तो मैं..."

तेवढ्यात कॉम्प्युटरचा पडदा हलला. लाल ऑक्साइड, चाळीस पिंपं. पिवळा, बावीस. ओळीमागून ओळ उतरू लागली. कोंडाजीने उरलेले दोन्ही डबेही बंद करून चालू केले होते. आठ महिन्यांचा कोड नारळपाण्यासकट धावत होता.

टाळ्या पडल्या. महिपती वळला, तोवर शेठ दोस्तांना सांगत होता, "देखा कोंडाजी का कमाल? उधर लाइट रोज जाती है, बटन दबानेवाला अपना आदमी चाहिए. आज से कोंडाजी पक्का!"

"आणि मी, शेठ?"

"तेरा काम तो हो गया ना?"

"झालं."

"बराबर हुआ? फिर बिगड़ेगा तो नहीं?"

"नाही बिघडणार."

"तो फिर?" शेठला खरंच प्रश्न पडला होता. "महीना पूरा कर ले."

चोख काम करणाऱ्याला हाकलायला वेगळं कारण लागत नाही. चोख काम पुरतं.

संध्याकाळी कोंडाजीचा फोन आला. "सायेब, शेठनं मना पक्का केला! पन कोनचं बटण खरं, ते ध्यानात नाय. दाखवाया याल?"

"येईन. महिनाअखेरपर्यंत आहे मी."

"मंग?"

"मग सुट्टी."

"किती दिस?"

"कायमची."

पलीकडे कोंडाजीने लांब उसासा टाकला. "नशीबवान बाबा तुमी. मना आता सुट्टीच नाय."