क्रेताहित योजनेचा शंभर टक्के विजय

आमची कंपनी मोटारींच्या दारांची बिजागरं बनवते. वाळूजचा कारखाना बंद करून सगळं काम चाकणला आणायचं ठरलं, तेव्हा दोनशे चौदा माणसं बायकामुलांना मागे ठेवून इकडे आली आणि एकेका खोलीत पाच-पाच जण राहू लागली. घर झालं की कुटुंब आणायचं, असं प्रत्येकाचं म्हणणं. घर मात्र होईना. कारण या भागात टपरीवाल्यापासून दाढी करणाऱ्यापर्यंत प्रत्येक जण घरं दाखवतो, आणि दाखवणारा प्रत्येक जण बिल्डरचा माणूस असतो. सबब आमच्या मनुष्यबळ विभागानं 'क्रेताहित प्रतिनिधी योजना' काढली. क्रेता म्हणजे विकत घेणारा. हा शब्द मीच सुचवला. मी बबनराव, योजनेचा समन्वयक.

योजना अशी की बदली होऊन आलेल्या प्रत्येकाला घर शोधायला एक स्वतंत्र प्रतिनिधी मिळेल. तो कंपनीच्या पगारावर असेल आणि बिल्डरच्या ऑफिसात चहासुद्धा घेणार नाही. नियम क्रमांक एक मी स्वतः लिहिला: 'प्रतिनिधी हा फक्त आणि फक्त आपल्या क्रेत्याच्या बाजूचा राहील.' मोठ्या साहेबांनी तो दोनदा मोठ्यानं वाचला. मला भरून आलं. जगात आपल्या बाजूचा एक माणूस असावा, एवढीच तर इच्छा असते प्रत्येकाची.

पहिला लाभार्थी म्हणून ज्ञानेशची निवड झाली. असेंब्ली लाइनवरचा सुपरवायझर, साधा माणूस. आई यशोदाबाई, बायको विजयश्री आणि तिसरीतली मुलगी निशिगंधा वाळूजला. सात महिने तो त्यांच्यावाचून राहत होता आणि मेसची वांगी खाऊन वाळला होता. "बबनराव, मला काय महाल नको," तो म्हणाला, "दोन खोल्या असू द्या, पण दिवाळीच्या आत सगळ्यांना घेऊन येतो."

त्याला प्रतिनिधी दिला चऱ्होलीचा सावळाराम. याची आपली जमीन बिल्डरला देऊन झाली होती, त्यामुळे विकण्यासारखं त्याच्याकडे काहीच उरलं नव्हतं. इतका निःपक्षपाती माणूस आख्ख्या पंचक्रोशीत दुसरा सापडला नाही. शिवाय कुठली इमारत ओढ्यावर उभी आहे आणि कुठली विहिरीवर, हे त्याला नकाशाशिवाय माहीत. तिसऱ्याच दिवशी त्यानं मोशीत एक घर काढलं. निवृत्त शिक्षक अर्जुनराव यांचं, दुसरा मजला, दोन बेडरूम, हवेशीर.

"घ्या साहेब डोळं झाकून," सावळाराम म्हणाला. "हितं आमच्या मावळणीचं कांद्याचं वावर व्हतं. पाणी कधी तुंबलं न्हाई."

ज्ञानेशला घर आवडलं. अर्जुनरावांना ज्ञानेश आवडला. चहा झाला. आता फक्त आपल्याकडे जे करतात तेवढंच राहिलं होतं: घरी फोन करून विचारणं. घरी न विचारता या देशात कुणी साधी कढई घेत नाही. फोन स्पीकरवर लागला.

"बरं हाय की बाबा," यशोदाबाई म्हणाल्या. "तिथून आळंदी किती लांब पडल?"

"अहो, शाळा कुठंय जवळ?" विजयश्रीनं विचारलं. "माझी मैत्रीण संत तुकाराम नगरला आहे, तिकडच्या शाळा चांगल्या आहेत म्हणते."

एरवी यावर दोन दिवस रुसवेफुगवे झाले असते, एका वेळचं जेवण अबोल्यात पार पडलं असतं आणि मोशीचं घर झालं असतं. आता मात्र योजना होती. सावळारामनं हात वर केला.

"माझा क्रेता ज्ञानेश साहेब. आजीचं म्या ऐकलं तर ती फितुरी व्हईल. मी सही केलेली हाय."

प्रकरण माझ्याकडे आलं. मी कागद तपासले. कर्जात विजयश्रीचं नाव होतं. वाळूजचं घर आईंच्या नावावर होतं आणि तेच विकून नवं घेणार होते. म्हणजे क्रेते तीन निघाले! तिघांची बाजू एकच माणूस कशी घेणार? हितसंबंधांचा संघर्ष तो हाच. आजवर लाखो कुटुंबांनी एकाच दलालाकडून घरं घेतली आणि आपण एकमेकांविरुद्ध आहोत हे त्यांच्या लक्षातही आलं नाही, या विचारानं मी अस्वस्थ झालो. दुसऱ्याच दिवशी मी आणखी दोन प्रतिनिधी नेमले. नंतर विधी विभागानं विचारलं, की अज्ञान बालकाचं काय? म्हणून चौथा नेमला.

विजयश्रीला मिळाली उत्कर्षा. एमबीए, तीन मोबाइल. तिचं पहिलंच वाक्य, "मॅम, दर वेळी अ‍ॅडजस्ट तुम्हीच का करायचं?" हा प्रश्न विजयश्रीला लग्नानंतर प्रथमच कुणी पगार घेऊन विचारत होतं.

यशोदाबाईंना मिळाल्या छबूबाई. "आजवर दुसऱ्याच्याच मनाचं केलंत ना आई? आता बास," त्या म्हणाल्या. यशोदाबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि त्यांच्या मागण्यांची यादी एका ओळीवरून सहा पानांवर गेली. निशिगंधाला मिळालेला ऋतिक नुकताच प्रशिक्षण घेऊन आला होता. त्यानं तिच्यासाठी पोहण्याचा तलाव, घसरगुंडी आणि गिर्यारोहणाची भिंत अशी मागणी स्वतःच लिहून टाकली, कारण मुलगी शाळेत होती आणि मुदत पाचपर्यंत होती.

मग नियम क्रमांक नऊ करावा लागला: 'क्रेत्यांनी घराविषयीचा संवाद आपापल्या प्रतिनिधींमार्फतच करावा.' कारण नवरा-बायको रोज रात्री फोनवर बोलत आणि बोलता बोलता आपल्या हिताला बाधा आणत. "जेवलात का?" याला परवानगी होती. "गॅलरी केवढी आहे हो?" याला नव्हती. एकदा विजयश्री हळूच म्हणाली, "मोशीचं चालेल मला," तर उत्कर्षानं लेखी हरकत घेतली, की हे विधान भावनेच्या भरात केलेलं असल्यामुळे ग्राह्य धरू नये. मी ते ग्राह्य धरलं नाही.

वाळूजच्या स्वयंपाकघरात तर गंमतच झाली. यशोदाबाई भाकरी थापत होत्या, शेजारी विजयश्री भाजत होती. नव्या घरात देवघर कुठं असावं हे सासूला सुनेला विचारायचं होतं. त्यांनी छबूबाईंना चाकणला फोन लावला, छबूबाईंनी उत्कर्षाला मेल केला, उत्कर्षानं विजयश्रीला फोन केला. तोवर तिच्या हातातली भाकरी करपली. उत्तर यायला कामाचे तीन दिवस लागले, मध्ये शनिवार-रविवार आला. पण उत्तर लेखी आलं! सासू-सुनेमध्ये लेखी काही असणं केवढी प्रगती आहे, हे संसारी माणसाला सांगायला नको.

मोशीच्या घराची संयुक्त पाहणी ठेवली. चार प्रतिनिधी, चार टेप, दोन होकायंत्रं आणि मी. लिफ्टमध्ये आम्ही मावलो, ज्ञानेश मावला नाही. तो जिन्यानं वर येईतो छबूबाईंनी देवघराची दिशा नापास केली, उत्कर्षानं ओटा दोन इंच खाली असल्याचं नोंदवलं आणि ऋतिकनं घसरगुंडी कुठं आहे विचारलं. सावळाराम एकटाच "घर झ्याक हाय" म्हणत राहिला, म्हणून त्याची चौकशी लावली. प्रतिनिधी घराला चांगलं म्हणतो, याचा अर्थ काय घ्यायचा माणसानं?

अर्जुनरावांनी महिनाभर वाट पाहिली. मग नांदेडहून आलेलं एक कुटुंब जिना चढून वर आलं, भिंतींना हात लावून बघितलं, पोहे खाल्ले आणि नारळ ठेवून घर घेऊन गेलं. "चांगली माणसं होती हो," अर्जुनराव मला फोनवर म्हणाले, "आपसात भांडत भांडत आली, पण एका रिक्षातून आली." त्या कुटुंबाच्या हिताचं रक्षण कुणी केलं, या प्रश्नानं मला आजही झोप लागत नाही.

दिवाळी गेली. ज्ञानेश माझ्या टेबलासमोर उभा राहिला. "बबनराव, कुठलंही द्या. पत्र्याचं द्या. माझी पोरगी परवा फोनवर मला 'काका' म्हणाली."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? म्हणूनच मी ताबडतोब वाटाघाटींची अंतिम बैठक लावली.

ती बैठक सकाळी नऊला सुरू झाली. छबूबाई चऱ्होलीवरून हटेनात, कारण तिथल्या एका गॅलरीतून आळंदीचा कळस दिसत होता. उत्कर्षा संत तुकाराम नगर सोडेना. सावळारामवर चौकशी चालू असल्यामुळे त्याला आता निष्ठा सिद्ध करायची होती, त्यामुळे तोही चवताळला. "माझ्या क्रेत्याला गेटपासून सात मिनटांवर घर पायजे म्हंजे पायजे!" दुपारी चारपर्यंत टेबलावर मुठी आपटल्या गेल्या. आणि मग मला तो तोडगा सुचला. कुणीच का हरायचं?

सर्वांच्या मागण्या शंभर टक्के मान्य झाल्या. यशोदाबाईंना चऱ्होलीत एक खोली आणि कळस दिसणारी गॅलरी. विजयश्रीला संत तुकाराम नगरमध्ये शाळेला लागून एक खोली, ओटा तिच्या उंचीचा. ज्ञानेशला चाकणमध्ये एक खोली, कारखान्याचा भोंगा गादीवर ऐकू येईल अशी. निशिगंधाचं हित तिघांत समान वाटून दिलं: सोमवार ते शुक्रवार शाळेजवळ, शनिवार आजीकडे, रविवार वडिलांकडे. पोहण्याचा तलाव तिन्ही ठिकाणी नसल्यामुळे कुणावरही अन्याय झाला नाही. टाळ्या वाजल्या. सह्या झाल्या. समाधान पत्रकावर चारही क्रेत्यांचे पाचपैकी पाच गुण आले. ते भरण्याचा अधिकार अर्थातच प्रतिनिधींना होता.

गेल्या रविवारी वाळूजहून सामानाचा टेम्पो आला. मी, ज्ञानेश आणि चारही प्रतिनिधी मोशीच्या चौकात हार घेऊन उभे होतो, कारण तिन्ही घरांच्या मधोमध मोशीच पडतं. ड्रायव्हर भैरूनं काच खाली केली. "साहेब, हे कपाट कुठं? आन् गॅस? गॅस एकच हाय." मी त्याला तीन पत्ते आणि वाटपाचा तक्ता दिला. त्यानं तक्ता बघितला, मागे सामानात बसलेल्या सासू, सून आणि नातीकडे बघितलं आणि तक्ता घडी करून खिशात ठेवला.

निशिगंधा खाली उतरून ज्ञानेशला बिलगली, मग तिनं आईचं बोट धरलं, मग दुसऱ्या हातानं आजीचा पदर. सावळाराम तिच्यासमोर उकिडवा बसला.

"पोरी, तुला कसलं घर पायजे व्हतं गं?"

"आम्ही सगळे असू ते," ती म्हणाली. "कुठलंपण."

यशोदाबाई टेम्पोच्या फळीवर बसल्या. विजयश्री सासूकडे बघून म्हणाली, "आई, मी मोशीला कधी नाही म्हटलं होतं?" त्या म्हणाल्या, "मी तरी कुठं म्हणलं?" आणि दोघी एकदमच ज्ञानेशकडे वळल्या. सावळाराम उठला, माझ्याकडे आला. "हे पयल्या दिशी कुणी का न्हाई विचारलं तिला?"

मी त्याला शांतपणे समजावलं, की विचारणार कोण? आईंच्या बाजूनं माणूस होता, सुनेच्या होता, मुलाच्या होता, नातीच्याही होता. 'सगळे' नावाचा क्रेता आमच्याकडे नोंदवलेलाच नाही, त्याच्या बाजूनं माणूस नेमायचा तर सही कुणाची घ्यायची? शिवाय वाळूजचं विकलेलं घर परत येत नसतं आणि खरेदीखतं झालेली आहेत. भैरूनं गाडी चालू केली. आधी चऱ्होली.

अहवाल वरिष्ठांना फार आवडला. उरलेल्या दोनशे तेरा कुटुंबांसाठी आता आठशेच्या वर प्रतिनिधी लागणार आहेत आणि ते आणायचे कुठून, ही चिंता मला कालपर्यंत होती. आज नाही. कारण तुम्ही हे वाचत इथवर आलात ते गप्प बसून आला नसणार. म्हातारीनं एवढा हट्ट कशाला करायचा, असं तुम्ही मध्येच म्हणालात. किंवा सुनेलाच शाळेचं खूळ. किंवा ज्ञानेशनं सरळ टोकन देऊन मोकळं व्हायचं होतं. कुणाची बाजू घेतलीत तेवढं कळवा, नेमणूकपत्र पाठवतो. अनुभवाची अट आहे, पण तो तुम्हांला तुमच्या घरी मिळालेला असणारच.