दात झाका

हरीनानांना दात दाखवून हसताना मी कधी पाहिलेलं नाही. दात नाहीत म्हणून नव्हे. साठी उलटली तरी बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत. पण हसायची वेळ आली की नाना दोन्ही ओठ दातांवर ओढून घेतात, तोंड उघडतात आणि घशातून 'खाक् खाक्' असा आवाज काढतात. अनोळखी माणसाला वाटतं, म्हाताऱ्याच्या घशात काहीतरी अडकलं. एकदा एसटीत शेजारच्या बाईनं घाबरून त्यांच्या पाठीत धपाटा घातला होता.

कारण विचारलं तर म्हणतात, "दात दावनं म्हंजे भ्यालोय म्हनून सांगनं. खुशीत कोन दात दावतंय? त्येंच्यात असं नसतं."

'त्येंच्यात' म्हणजे चिंपांझींच्यात. वेल्ह्याच्या वाटेला, डोंगराच्या पोटात, सोडवून आणलेल्या प्राण्यांचं एक केंद्र आहे. कुणी सर्कशीतून सुटलेले, कुणी चोरट्या व्यापारात पकडलेले. तिथे पाच चिंपांझी होते आणि हरीनाना त्यांचे मुख्य रखवालदार. राहणार राजगडाखालच्या पालीत. जन्म गुराढोरांत गेला, पण गेल्या काही वर्षांत त्यांचा असा समज झाला होता की माणूस हा चिंपांझीचा बिघडलेला नमुना आहे आणि तो दुरुस्त करण्याची जबाबदारी त्यांच्यावर येऊन पडली आहे.

एकदा केंद्राचे विश्वस्त फोटो काढायला आले. आठही जण पिंजऱ्यापुढे रांगेत उभे राहून प्रसन्न हसले. मागून नाना ओरडले, "दात झाका, सायेब! ती बिथरतील!" तो फोटो आजही कार्यालयात टांगलेला आहे. त्यात आठ प्रतिष्ठित माणसं एकदमच कवळी हरवल्यासारखी उभी आहेत.

माझा आणि नानांचा संबंध आला तो नोंदवहीमुळे. मी पस्तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं. पत्नी गेल्यावर किकवीच्या घरात दिवसभर बसवेना, म्हणून हे काम धरलं. रोज दोन एसटी बदलून जायचं आणि कोणत्या चिंपांझीनं काय खाल्लं, कोण खोकलं, कोण कुणाशी भांडलं हे वहीत लिहायचं. शुद्धलेखनाला इतका कमी वाव असलेलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

पहिल्या दिवशी रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून डझनभर केळी नेली. नानांनी पिशवीत डोकावून पाहिलं. सोयऱ्यानं मेलेला उंदीर आणावा तसा चेहरा केला.

"ही कुनासाठी?"

"चिंपांझींसाठी."

"गुरुजी, तुमच्या घरी कुनी आलं तर त्याला निस्ती साखर वाडता का? दात किडत्यात त्येंचे. पोट सुटतं." आणि मग शांतपणे, "खावा आता तुमीच."

त्यांनी समोर बसून मला चार केळी खायला लावली.

सकाळी सातला नाना फाटकातून आत यायचे. आम्ही कार्यालयाच्या पायरीवर चहा घेत असायचो. आमच्याकडे ते बघायचेही नाहीत. थेट पिंजऱ्यांकडे जायचे, उकिडवे बसायचे आणि 'हू... हू... हू' असं धापा टाकत सुरू करायचे. आतून पाचही जण ओरडून साद द्यायचे, लोखंडी दारं बडवायचे, आणि खालच्या वाडीतली कुत्री अर्धा तास गप्प बसायची नाहीत. मी महिनाभर रोज 'नमस्कार नाना' म्हणत राहिलो. शेवटी एकदा उत्तर आलं, "आदी त्येंचं हू द्या की. घाई काय हाय तुमाला?"

नाचणीची पेज शिजली की पहिला घोट नाना घ्यायचे. रताळी उकडली की पहिलं रताळं नाना चेपून बघायचे. भोपळा हुंगायचे. पालेभाजी आणणाऱ्या टेम्पोवाल्याला एका किडक्या पानासाठी परत पाठवायचे. सगळ्यात जाच शिंकांचा. आपली सर्दी चिंपांझींना लागते हे खरंच आहे, पण नानांनी त्याचा कायदा केला होता. एकदा स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी पडली आणि मला शिंक आली. नानांनी मला तिथल्या तिथे घरी धाडलं.

"अहो, फोडणीची शिंक आहे!"

"शिंक म्हंजे शिंक. तिला जात नसती. चला."

मी भर उन्हात फाट्यापर्यंत चालत गेलो आणि अशा माणसाला कुणी मुख्य कसं केलं याचा वाटभर विचार केला.

गडावर जाणारी तरुण मंडळी वाट चुकून फाटकाशी यायची आणि विचारायची, "काका, इथे माकडं आहेत ना?" नाना त्यांना पायांपासून टोपीपर्यंत न्याहाळायचे. "हायती की. आत्ताच आली, पाठीला पिशव्या लावून." आणि फाटक लावून घ्यायचे. पाचांतल्या थोराड नराचं नाव त्यांनी 'सरपंच' ठेवलं होतं, कारण "काम करत न्हाई, पन बसायला पुढं." म्हातारी मादी होती ती 'आक्का'. तिच्याशी ते अहो-जाहो बोलायचे. मला मात्र जेवताना एकदाही 'या' म्हणाले नाहीत. भाकरीचं फडकं घेऊन जाळीपाशी जाऊन बसायचे. चार माणसांत बसून जेवावं असं त्यांना कधी वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही वाटलं नाही.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला मैना आली. सात वर्षांची मादी. कुणा श्रीमंतानं फार्महाऊसवर हौस म्हणून पाळलेली. झगा घालायची, बिस्किटं खायची, पाहुण्यांपुढे टाळ्या वाजवायची. जन्मात दुसरा चिंपांझी पाहिलेला नव्हता. स्वतःच्या हातांवरचे केस तिनं स्वतःच उपटून टाकले होते. दोन्ही दंड उघडेबोडके. कोपऱ्यात बसून पुढंमागं डुलत राहायची. दोन दिवस तिनं पाण्याशिवाय कशाला तोंड लावलं नाही.

नानांनी उपाय काय केला? तिच्या जाळीबाहेर जमिनीवर बसले. तेही तिच्याकडे पाठ करून. आणि भुईमुगाच्या शेंगा फोडू लागले. दिवसभर. बाकीची सगळी कामं दुसऱ्यांवर टाकून. मी वहीत लिहिलं, 'श्री. हरीनाना शेंगा खात बसलेले आढळले.'

आठव्या का नवव्या दिवशी जाळीतून एक बोट बाहेर आलं, नानांच्या कॉलरला लागलं आणि मागं गेलं. नाना हलले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी मागं न बघता एक शेंग खांद्यावरून धरली. ती गेली.

त्यानंतरचे सहा महिने नाना असह्य झाले. मैना फक्त त्यांच्याच हातून खायची. "माझ्याबिगर ती घास घेत न्हाई," हे वाक्य त्यांनी केंद्राच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं, टेम्पोवाल्याला सांगितलं, आणि मुक्कामी गाडीच्या कंडक्टरला तर दोनदा सांगितलं. लोक नातवंडाचा फोटो दाखवतात तसे ते मोबाईल काढून तिच्या दंडावर उगवलेले केस दाखवायचे. "बगा, हितं. दिसतंय का? लव." कंडक्टर बिचारा तिकिटं फाडायचं सोडून लव बघायचा.

पावसाळा संपत आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ठरवलं की मैनेला आता इतरांत सोडायचं. आधी शेजारच्या पिंजऱ्यात आक्काला ठेवलं, मधे जाळीचं दार. आक्का रोज दारापाशी येऊन बसायची. मैना तिकडे ढुंकूनही बघायची नाही. ती पिंजऱ्यांपुढच्या बोळाकडे तोंड करून बसायची, नाना कुठून येतील त्या वाटेकडे. असे तीन आठवडे गेले.

एका सकाळी बाईंनी आम्हा सगळ्यांसमोर नानांना सांगितलं, "नाना, तुम्ही दिसताय तोवर ती आक्काकडे बघणारच नाही. तुम्हाला तिच्यासमोर येणं थांबवावं लागेल."

"किती दिस?"

"तिला आपली माणसं मिळेपर्यंत."

"आन् तवर ती जेवली न्हाई तर? उपाशी मारायची?" नानांचा आवाज चढला. "माझ्याबिगर ती..."

"तोच तर आजार आहे, नाना," बाई म्हणाल्या. "ती अजून तीस-चाळीस वर्षं जगेल. तुम्ही?"

नानांनी कमरेच्या किल्ल्या काढून पायरीवर ठेवल्या. मला आतून बरं वाटलं, हे मी लपवत नाही. जिरली एकदाची, असं मनात आलंसुद्धा.

त्यांना भिंतीपलीकडच्या भाजीच्या वाफ्यांवर काम दिलं. पहिल्या दिवशी मैनेनं दोन तास आरडाओरडा केला. तो आवाज वाफ्यापर्यंत पोचत होता. मी काही कामानं तिकडे गेलो तर नाना खाली मान घालून खुरपत होते. मेथीच्या वाफ्यात गवताची काडी उरली नव्हती. मेथीही उरली नव्हती. त्यांचं खुरपं चालूच होतं.

दुपारी ते प्रथमच कार्यालयात आले. दारातच उभे राहिले.

"गुरुजी, वहीत काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं, "मैना. पेज अर्धी. अस्वस्थ."

"अस्वस्थ म्हंजे किती?"

मी पुन्हा वहीत पाहिलं.

"रडत हुती का नुस्ती बसली हुती? हात उपटत हुती का? आक्का जवळ आली का?"

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. खरी गोष्ट अशी की इतके महिने मी ती वही खुर्चीतच लिहीत होतो. पिंजरे झाडणारी पोरं येता-जाता सांगायची, मी शुद्ध करून उतरवायचो. नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते परत वाफ्याकडे गेले. त्यांनी एखादी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी तोंडाला फडकं बांधून बोळाच्या टोकाला स्टूल टाकलं. दुपारी नाना आले तेव्हा मी वाचलं, "सकाळी साडेआठला मैना दाराकडे वळली. आक्कानं जाळीतून बोट पुढं केलं. मैनेनं ते हुंगलं. मग तोंड फिरवून कोपऱ्यात गेली. केस उपटले नाहीत. रताळं स्वतः उचलून खाल्लं."

नाना डोळे मिटून ऐकत होते. "परत वाचा," म्हणाले.

असे पंधरा-वीस दिवस मी रोज वाचत होतो. कधी दोनदा, कधी तीनदा. एकदा आक्कानं जाळीतून मैनेचा दंड चाचपला, ते वाचल्यावर नाना उंबऱ्यात बसले. मग आपणहून बोलले. माझ्याशी नाही, समोरच्या फाटकाशी बोलावं तसे.

"पोरीच्या लग्नात आक्षदा पडल्या आन् म्या निगालो. हितलं चारचं खानं चुकंल म्हनून. पाटवनीला न्हवतो. ती गाडीत बसंस्तवर मला हुडकत हुती म्हनं."

"मग?"

"मग काय? हडपसरला असती. बोलत न्हाई. तिची आई बी तिकडंच ऱ्हाती आता." खाली वाकून त्यांनी चपलेचा अंगठा नीट केला. "तवा कुनी जा म्हनलं न्हवतं, तर निगून आलो. आता डाक्टरबाई लांब ऱ्हा म्हनत्यात, तर पाय निगंना."

दार उघडून मैनेला सगळ्यांत सोडायचा दिवस आला तेव्हा नाना मळ्यातच होते. मी स्टुलावरून पाहिलं. सरपंच केस फुलवून धावत आला, त्यानं लोखंडी पत्रा दणादण बडवला. मैना किंचाळत आक्काच्या पोटाखाली शिरली. आक्का जागची हलली नाही. तिनं एक हात मैनेच्या पाठीवर ठेवला आणि सरपंचाकडे नुसतं पाहत राहिली. सरपंचानं आणखी दोन फेऱ्या मारल्या, मग दमून शेजारी बसला. मी वही तिथेच टाकून भिंतीपलीकडे पळालो. एकसष्ट वर्षांचा माणूस. श्वास लागला होता, वाक्य धड जुळेना.

"घेतलं," एवढंच म्हणालो. "घेतलं त्यांनी."

नाना खुरपं हातात धरून तसेच उभे राहिले. "चावलं का कुनी?"

"नाही."

"बरं," म्हणाले आणि पुन्हा खाली बसले.

दिवाळीनंतर बाईंनी त्यांना मैनेसमोर जायला परवानगी दिली. नाना धुतलेला सदरा घालून आले. मलाही चला म्हणाले. उघड्या आवाराच्या कुंपणाला वळसा घालून, कमरेएवढ्या वाळल्या गवतातून आम्ही पलीकडे गेलो. आक्का उन्हात बसली होती, मैना तिच्या मागं. मैना आक्काच्या पाठीवरचे केस बोटांनी बाजूला करत काहीतरी शोधत होती. दोन्ही दंड काळेभोर झाले होते.

तिनं मान वर केली. आमच्याकडे पाहिलं. नानांकडेच पाहिलं असणार. नाना हलले नाहीत, आवाजही काढला नाही. क्षणभरानं तिनं मान खाली घातली आणि पुन्हा आक्काच्या पाठीला लागली.

"नाना, हाक मारा की," मी हळूच म्हणालो.

"नगं." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "कामात हाय ती."

आणखी थोडा वेळ थांबून आम्ही परत फिरलो. जांभळीखालच्या बाकावर बसलो. माझी पँट गुडघ्यापर्यंत कुसळांनी भरली होती. नानांनी त्या कुसळांकडे पाहिलं, मग चिडल्यासारखे म्हणाले, "असंच बसनार व्हय एसटीत? हिकडं करा पाय."

ते खाली वाकले आणि एकेक कुसळ चिमटीत धरून काढू लागले. काढलेलं कुसळ बाकाच्या कडेला ओळीनं ठेवत होते. घाई अजिबात नव्हती. फाट्यावरून माझ्या एसटीचा हॉर्न ऐकू आला. मी पाय हलवला नाही.