अस्वल धरून एकशे सत्त्याऐंशी

"ज्या माणसानं माल मोजून घेतला नाही, त्यानं आयुष्यात काहीच घेतलं नाही," साहेब म्हणाले.

वाक्य चांगलं झालं होतं. एका मोठ्या कारखान्याच्या खरेदी विभागात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला शोभेल असं. त्याचा घरावर काय परिणाम होतो ते बघायला त्यांनी मान वळवली.

"पाय वर घ्या," बायको म्हणाली. "फरशी पुसायचीय."

साहेबांनी पाय वर घेतले.

त्यांच्या निवृत्तीला आठ महिने झाले होते. कारखान्यात सगळे त्यांना साहेब म्हणत. घरी कोणी म्हणत नसे, पण त्या हाकेला ओ द्यायला ते अजून तयारीत बसलेले असत, म्हणून आपण साहेबच म्हणू. आठ महिन्यांत त्यांनी घराला शिस्त लावायचा प्रामाणिक प्रयत्न केला होता. स्वयंपाकघरातल्या डब्यांना क्रमांक दिले आणि क्रमांकांची यादी एका डब्यात ठेवली. तो डबा कोणता, हे यादीत होतं. साबणाची नवी वडी हवी असल्यास जुनी झिजलेली जमा करावी, असा कागद न्हाणीघराच्या दारावर लागला. दुसऱ्या दिवशी तो भिजून खाली पडला, आणि सुनेनं त्यानंच आरसा पुसला.

बायको एका प्रकाशकाची मुद्रितं घरी बसून तपासत असे. सध्या तिच्या टेबलावर आठशे पानांचा वैद्यकीय कोश होता आणि महिनाअखेर तो परत द्यायचा होता. प्रकाशकानं स्वच्छ सांगितलं होतं, या वेळी उशीर झाला तर पुढचं काम दुसऱ्याकडे जाईल. पूर्वी ती दिवसाला चाळीस पानं वाचायची. आता नऊ. कारण दर दहा मिनिटांनी साहेब दारात येऊन म्हणायचे, "तुझं चालू दे, मी काही बोलत नाही," आणि मग बोलायचे.

अशा एका दहाव्या मिनिटाला तिनं वर न बघता एक पत्रक पुढे केलं. गावातल्या प्राणिसंग्रहालयाचं. वार्षिक सभासद व्हा, वर्षभर केव्हाही या.

"हे घ्यावं की नाही, तेवढं तुम्ही ठरवा," ती म्हणाली.

साहेबांना बसायला खुर्ची लागली. आठ महिन्यांत त्यांना या घरात कोणी काही ठरवायला सांगितलं नव्हतं. पडद्यांचा रंग त्यांना पडदे लागल्यावर कळला होता. मुलाची नोकरी बदलली, हे तर त्यांना शेजाऱ्यांकडून समजलं. हे पत्रक म्हणजे पुन्हा मिळालेली खुर्ची होती. ती घालवायची नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

"घाई करणार नाही मी," ते म्हणाले.

"मुळीच करू नका," बायको मनापासून म्हणाली.

पत्रकात लिहिलं होतं, 'एकूण १८७ प्राणी व पक्षी'. म्हणजे आधी माल ताब्यात आहे का ते बघणं आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता साहेब कागद अडकवायची पाटी, दोन पेन्सिली आणि डबा घेऊन तिकीट खिडकीशी उभे राहिले.

कासवं सोपी गेली. माकडांनी त्रास दिला. मोजायला सुरुवात केली की मोजलेली माकडं न मोजलेल्यांत जाऊन बसत. साहेबांना आपल्या विभागातली माणसं आठवली आणि जरा भरून आलं. बदकं एकदा तेवीस भरली, एकदा सव्वीस. सशांची संख्या सकाळी एक आणि संध्याकाळी भलतीच. पण खरा घोळ अस्वलाच्या गुहेपाशी झाला. गुहेबाहेर पाटी होती: 'अस्वल झोपले आहे. कृपया गोंगाट करू नये.'

"कधी उठेल?" साहेबांनी तिथं झाडणाऱ्या राखणदाराला विचारलं.

"आता झोपलेल्याला कसं विचारणार, साहेब?"

कोणीतरी साहेब म्हणालं. साहेब दुसऱ्या दिवशी परत आले. तिसऱ्या दिवशीही आले.

"अजून झोपलंय?"

"मधे उठलं होतं. तुम्ही नेमके जेवायला बसला होतात."

"उठून काय केलं?"

राखणदारानं झाडू टेकवून विचार केला. "कूस बदलली," तो म्हणाला.

सहाव्या दिवशी तिकीट खिडकीतल्या बाईंना राहवलं नाही. "अहो काका, रोज येताय. वार्षिक का नाही घेत?"

"तेच ठरवायला येतोय," साहेब म्हणाले आणि रांगेतले चार लोक खोळंबले असताना सुटे पैसे मोजून दिले.

आता, रोज येणारा, पाटीवर लिहिणारा आणि प्राण्यांकडे कौतुकानं न बघणारा माणूस कोण असू शकतो? व्यवस्थापकाच्या मते असा माणूस वरूनच आलेला असतो. सातव्या दिवशी साहेबांच्या वाटेवरचे कठडे रंगवलेले होते. आठव्या दिवशी त्यांच्यासाठी गुहेसमोर खुर्ची आणि चहा आला. हत्तीला अंघोळ घातली, मोराच्या पिंजऱ्यात पंखा लावला. नवव्या दिवशी व्यवस्थापक स्वतः आला आणि खुर्चीशेजारी उकिडवा बसला.

"साहेब, वरून आलात ना?"

"वरून म्हणजे कुठून?"

"नसेल सांगायचं तर नका सांगू. पण मी सगळं कबूल करतो. अस्वल आम्ही दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या प्राणिसंग्रहालयाला दिलं. त्या बदल्यात जिराफ यायचा होता. पत्रव्यवहार चालू आहे."

"म्हणजे अस्वल नाही?"

"कागदोपत्री आहे."

"आणि प्रत्यक्षात?"

"प्रत्यक्षात पाटी आहे."

राखणदार दोन वर्षं रिकामी गुहा झाडत होता आणि झोपमोड होऊ नये म्हणून हळू झाडत होता. तसा लेखी हुकूम होता. व्यवस्थापकानं दबक्या आवाजात विचारलं, साहेबांना आणि घरच्यांना जन्मभर फुकट प्रवेश दिला तर चालेल का. साहेब ताठ झाले.

"मी इथं तपासणीला आलोय. तपासणी चालू असताना मी चहाव्यतिरिक्त काही घेत नाही."

आणखी दोन दिवस तिकीट काढून त्यांनी बदकांचा प्रश्न मिटवला आणि एकोणीस पानांचा अहवाल लिहिला. रविवारी रात्री जेवणं झाल्यावर टेबल पुसून घेऊन तो मांडला. मुलगा फोनमधून थोडा वर आला. सून हात पुसत बसली.

"निष्कर्ष असा," साहेब म्हणाले, "की जाहीर एकशे सत्त्याऐंशी, प्रत्यक्षात एकशे शहाऐंशी. अस्वल कमी. शिवाय तपासणीलाच अकरा तिकिटं लागली, आणि तेवढ्यात सभासदत्व येऊन वर चहा झाला असता. तरी अशा संस्थेचं सभासदत्व घेऊ नये, असा माझा निर्णय आहे."

मुलानं सुनेकडे बघितलं. सुनेनं सासूकडे. बायकोनं चष्मा काढला. गेल्या अकरा दिवसांत तिची साडेचारशे पानं वाचून झाली होती. यकृत संपून ती श्वसनसंस्थेत शिरली होती. तीनशे पानं अजून बाकी होती.

"घ्यायचं नाही?" तिनं विचारलं.

"नाही."

ती उठली, कोशाच्या चळतीखालून एक छोटं कार्ड काढलं आणि अहवालावर ठेवलं. वार्षिक सभासद. साहेबांचं नाव. निरोपसमारंभातला हारासकट फोटो.

"हे कधी घेतलंस?"

"तुम्ही दुसऱ्या दिवशी गेलात ना, त्या संध्याकाळी. सूनबाईंनी येता येता आणलं."

"मग मी तिकिटं का काढत होतो?"

"कार्ड दिलं असतं तर तपासणी थांबली असती, बाबा," सून समजुतीनं म्हणाली.

साहेबांनी कार्ड उजेडात धरलं. "हे एकट्याचं आहे. कुटुंबाचं नाही."

"हो," बायको म्हणाली.

साहेबांनी शेवटचा आधार शोधला. "निदान तीन ठिकाणचे दर तरी मागवलेस का?"

"मागवले की. पोहण्याचा तलाव, दोन तास. वाचनालय, तीन तास, आणि सोमवारी सुट्टी. प्राणिसंग्रहालय, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, सातही दिवस."

साहेबांनी आकडे मनात एकाखाली एक लिहून बघितले. चूक सापडेना. बत्तीस वर्षांत इतका स्वच्छ प्रस्ताव त्यांच्या टेबलावर आला नव्हता. त्यांनी पेन्सिल काढली, अहवालातला 'घेऊ नये' खोडला आणि शेजारी सही केली.

सोमवारी सकाळी पावणेनऊला ते कार्ड गळ्यात अडकवून, पाटी बगलेत मारून दारात उभे राहिले. "जिराफ येईपर्यंत मी त्या लोकांच्या पाठीशी उभा राहणार आहे," ते म्हणाले. "एखाद्या संस्थेला वळण लावायला एक माणूस पुरतो. फक्त तो रोज तिथं असावा लागतो."

"अहो," बायको फुप्फुसांवरून नजर न हटवता म्हणाली, "जाताना दार तेवढं बाहेरून ओढून घ्या."